बेल्टची लढत नेमकी कोणाला मिळते? यूएफसीत जोड कोण लावतं आणि वाद कशावरून होतात

जत्रेच्या मैदानात एक नंबरची कुस्ती कोणाची लावायची, यावरून गावात आठ-आठ दिवस चर्चा चालते. कोणी म्हणतं, आपल्या भागातल्या पोरानं यंदा चार मैदानं मारली, मान त्यालाच द्या. कमिटी म्हणते, पोरगं चांगलं आहे, पण त्याच्या नावावर गर्दी जमेल का? बाहेरचा नावाजलेला पैलवान आणला तर शेजारच्या तालुक्यातूनही माणूस येईल.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजेच एमएमए पाहणाऱ्यांमध्येही नेमका हाच वाद असतो. फरक एवढाच की तिथं इनाम लाखांत नाही, कोटींत असतं, आणि जिंकणाऱ्याला थेट ‘जगज्जेता’ म्हटलं जातं. गावाकडची बरीच पोरं आता मोबाईलवर या लढती पाहतात. तालमीतली काही पोरं तिकडं वळायचा विचारही करतात. म्हणून ही मोठी लढत मिळते कशी, ते नीट समजून घ्यायला हवं.

आधी थोडक्यात खेळ

एमएमएत ठोसे, लाथा, कुस्तीच्या पकडी, गळा किंवा हात आवळून हार कबूल करायला लावणं, हे सगळं चालतं. सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे अमेरिकेतली यूएफसी. लढत आठ कोनांच्या पिंजऱ्यात होते. साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर बेल्टची लढत पाच फेऱ्यांची. पुरुषांचे आठ वजनगट आहेत. सगळ्यात हलका ५६.७ किलोपर्यंतचा, सगळ्यात वरचा हेवीवेट १२०.२ किलोपर्यंतचा. महिलांचे गट वेगळे. प्रत्येक गटात एक चॅम्पियन आणि त्याच्याकडं बेल्ट.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा. यूएफसी ही संघटना किंवा महासंघ नाही, खासगी कंपनी आहे. २००१ मध्ये ती २० लाख डॉलरला विकली गेली होती. २०१६ मध्ये तीच सुमारे ४०० कोटी डॉलरला गेली. पुढचे सगळे वाद इथूनच सुरू होतात.

जोड लावतं कोण?

आपल्या मैदानात काही कुस्त्या आधीच नेमलेल्या असतात आणि पोस्टरवर छापल्या जातात. बाकीच्या जोडी वस्ताद मंडळी मैदानातच दोघांना शेजारी उभं करून, अंगलट बघून लावतात. यूएफसीत ऐनवेळी जोड लावायचा प्रकार जवळपास नाही. सगळ्या लढती आधी ठरतात आणि त्या ठरवायला पगारी माणसं असतात. त्यांना मॅचमेकर म्हणतात. गेली बरीच वर्षं शॉन शेल्बी आणि मिक मेनार्ड हे दोघं वजनगट वाटून घेऊन हे काम करत आले आहेत. मोठ्या लढतींवर शेवटचा शब्द कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट आणि त्यांच्या वरिष्ठ सहकाऱ्यांचा असतो.

मॅचमेकरला एका वेळी बऱ्याच गोष्टी बघाव्या लागतात. कोण दुखापतीतून सावरला, कोणाचा व्हिसा झाला, कोणाचं वजन वेळेत उतरेल, कोणाची जोड रंगेल आणि कोणाच्या नावावर तिकिटं खपतील. शेकडो लढवय्ये करारावर आणि वर्षात चाळीसेक कार्यक्रम. एखाद्या जोडीतला एक जण पंधरा दिवस आधी जखमी झाला की पुन्हा शोधाशोध सुरू.

रँकिंग आहे, पण हक्क नाही

यूएफसीत २०१३ पासून रँकिंग आहे. प्रत्येक गटात चॅम्पियन वर आणि त्याखाली एक ते पंधरा क्रमांक. क्रमांक पत्रकारांच्या मतांवर ठरतात. पण ते पॅनेल यूएफसीच्याच व्यवस्थेतलं, आणि या रँकिंगचं कंपनीवर कसलंही बंधन नाही. पहिल्या क्रमांकाच्या माणसाला सोडून पाचव्याला बेल्टची लढत दिली तरी नियम मोडत नाही, कारण तसा नियमच नाही.

बॉक्सिंगमध्ये चित्र वेगळं आहे. तिथं बेल्ट देणाऱ्या संघटना वेगळ्या आणि लढती भरवणारे प्रमोटर वेगळे. संघटना ‘मँडेटरी चॅलेंजर’ ठरवते. म्हणजे चॅम्पियननं ठरलेल्या मुदतीत याच्याशी लढायचं, नाहीतर बेल्ट सोडायचा. अमेरिकेत २००० साली मुहम्मद अली यांच्या नावानं कायदा झाला. बॉक्सिंगमधली क्रमवारी कशी ठरते ते उघड करावं आणि प्रमोटरच्या मनमानीला चाप बसावा, हा त्याचा हेतू. एमएमएला मात्र तो कायदा लागू नाही.

यूएफसीत बेल्ट देणारी, जोड लावणारी, तिकीट विकणारी आणि लढवय्याला पैसे देणारी कंपनी एकच. बेल्ट कोणाचा, याचा दाखला २०२३ च्या जानेवारीत मिळाला. हेवीवेट चॅम्पियन फ्रान्सिस एन्गानूचं कराराच्या अटींवर जमलं नाही आणि तो कंपनी सोडून गेला. त्याला कोणी हरवलं नव्हतं. तरी बेल्ट कंपनीकडंच राहिला आणि दोन महिन्यांत नवा चॅम्पियन तयार झाला.

एडवर्ड्स थांबला, मग बेलाल थांबला

वाद समजायला ७७ किलोच्या वेल्टरवेट गटाची गोष्ट पुरेशी आहे.

इंग्लंडचा लिऑन एडवर्ड्स डिसेंबर २०१५ मध्ये कमारू उस्मानकडून हरला. त्यानंतर तो हरलाच नाही. नऊ लढती जिंकल्या आणि एक समोरच्याच्या डोळ्यात बोट गेल्यामुळं निकालाविना थांबली. मधल्या काळात उस्मान चॅम्पियन झाला. पण उस्मानसमोर उभं राहायची संधी आधी मिळाली ती दोन अमेरिकनांना, कोल्बी कोव्हिंग्टन आणि होर्हे मास्विदाल. तीही प्रत्येकी दोन-दोनदा. मास्विदाल जुलै २०२० मध्ये उस्मानकडून हरला आणि त्याची पुढचीच लढत, एप्रिल २०२१ मध्ये, पुन्हा उस्मानशीच बेल्टसाठी लावली गेली. मधे एकही विजय नाही. कारण उघड होतं. हे दोघं माईक हातात आला की बोलून बोलून वातावरण तापवायचे. एडवर्ड्स शांत माणूस. त्यात कोरोनानं आणि समोरच्यांच्या आजारपणानं त्याच्या काही ठरलेल्या लढतीही बुडाल्या.

अखेर २० ऑगस्ट २०२२ रोजी त्याला संधी मिळाली. चार फेऱ्यांनंतर तो गुणांवर मागं होता. पाचव्या फेरीचं एकच मिनिट उरलं असताना त्याची डावी लाथ उस्मानच्या डोक्यावर बसली आणि उस्मान जागेवर कोसळला. जो माणूस ‘विकला जात नाही’ म्हणून मागं ठेवला होता, त्यानं त्या वर्षातला सगळ्यात गाजलेला निकाल लावला.

गंमत पुढं आहे. एडवर्ड्स चॅम्पियन झाल्यावर तीच वेळ बेलाल मुहम्मदवर आली. बेलाल पॅलेस्टिनी वंशाचा अमेरिकन. २०१९ पासून हरला नव्हता, पण त्याच्या लढती बहुतेक गुणांवर जायच्या. मे २०२३ मध्ये त्याची गिल्बर्ट बर्न्सशी लढत लागली, आणि जिंकेल त्याला बेल्टची लढत मिळेल असं सांगितलं गेलं. बेलाल जिंकला. पण डिसेंबर २०२३ मध्ये एडवर्ड्ससमोर उभा केला तो कोव्हिंग्टन. मार्च २०२२ नंतर कोव्हिंग्टन एकही लढत लढला नव्हता. तो हरला. बेलालला संधी मिळाली थेट २७ जुलै २०२४ च्या कार्यक्रमात, मँचेस्टरमध्ये, एडवर्ड्सच्याच देशात. अमेरिकेतल्या प्रेक्षकांची वेळ सांभाळायची म्हणून ती लढत तिथल्या घड्याळात पहाटे पाचच्या सुमाराला झाली. बेलाल पाच फेऱ्या लढून जिंकला आणि बेल्ट घेऊन घरी गेला.

कंपनीनं दोघांनाही मागं ठेवलं होतं आणि दोघंही पहिल्याच संधीत चॅम्पियन झाले. ‘आधी लायकी बघा’ म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

हातात बेल्ट, तरी चॅम्पियन नाही

दुसरा मोठा वाद हेवीवेटचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये चॅम्पियन जॉन जोन्स आणि माजी चॅम्पियन स्टिपे मिओचिच यांची लढत ठरली होती. जोन्सच्या छातीचा स्नायू फाटला. मग कंपनीनं अंतरिम, म्हणजे तात्पुरता बेल्ट ठेवला. इंग्लंडचा टॉम ॲस्पिनॉल जेमतेम दोन आठवड्यांच्या तयारीवर उतरला आणि त्यानं सर्गेई पाव्हलोविचला ६९ सेकंदांत पाडलं.

अंतरिम बेल्टचा अर्थ सरळ आहे. मुख्य चॅम्पियन बरा झाला की पहिली लढत अंतरिम चॅम्पियनशी. तसं झालं नाही. जोन्स बरा झाल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची लढत लागली ती मिओचिचशीच. मिओचिच तेव्हा ४२ वर्षांचा. त्याची शेवटची लढत मार्च २०२१ ची, आणि तीही तो हरलेला. जोन्स तिसऱ्या फेरीत जिंकला. ॲस्पिनॉलनं दरम्यान आपला तात्पुरता बेल्ट एका मिनिटात राखून दाखवला होता. जोन्सशी त्याची जोड लागलीच नाही. जून २०२५ मध्ये जोन्स निवृत्त झाल्याचं जाहीर झालं आणि ॲस्पिनॉल कागदावर मुख्य चॅम्पियन झाला. दीड वर्षाहून जास्त काळ तो ‘तात्पुरता’ होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिरिल गानशी त्याची लढत झाली, पण पहिल्याच फेरीत डोळ्यात बोटं गेली आणि लढत निकालाविना संपली.

इथं दोष एकट्या कंपनीचा नाही, असंही बरेच जण म्हणतात. जोन्ससारखा मोठं नाव असलेला लढवय्या समोर कोण हवा ते स्वतः ठरवू शकतो. नाव जितकं मोठं, तितकी नाही म्हणायची ताकद जास्त.

पाच वेळा ठरली, एकदाही झाली नाही

उशीर झाला की लढवय्याचं काय होतं, हे टोनी फर्ग्युसनच्या गोष्टीतून कळतं. ७०.३ किलोच्या लाइटवेट गटात खबीब नुरमागोमेदोव्ह आणि फर्ग्युसन हे दोघं एकाच वेळी टॉपला होते. त्यांची जोड २०१५ ते २०२० दरम्यान पाच वेळा ठरली. कधी खबीबची बरगडी, कधी फर्ग्युसनच्या फुफ्फुसाचा त्रास, कधी वजन उतरवताना खबीब दवाखान्यात, शेवटी कोरोना. २०१८ मध्ये तर लढतीला काही दिवस उरले असताना फर्ग्युसन टीव्हीच्या कामासाठी गेला, तिथं वायरीत पाय अडकून पडला आणि गुडघ्याला मार लागला. तेव्हा त्याच्याकडं अंतरिम बेल्ट होता. तोही काढून घेतला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खबीबसमोर आला कॉनर मॅकग्रेगर. तो जवळपास दोन वर्षं एमएमएत लढलाच नव्हता. पण ती लढत सुमारे २४ लाख घरांनी पैसे मोजून पाहिल्याचं सांगितलं जातं. त्याच रात्री, त्याच पिंजऱ्यात, बरोबर आधीच्या लढतीत फर्ग्युसन जिंकला होता. सलग बारा विजयांपर्यंत तो गेला. मे २०२० मध्ये जस्टिन गेथजीनं त्याला बेदम हरवलं आणि त्यानंतर त्याची उतरण लागली ती थांबली नाही. मुख्य बेल्टची लढत त्याला कधीच मिळाली नाही.

पैलवानाच्या अंगात जोर असतो तो ठरावीक वर्षं. शेतात एक हंगाम चुकला तर पुढचा येतो. लढवय्याचा हंगाम एकदा गेला की परत येत नाही.

कंपनीची बाजू काय?

नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी.

पहिला मुद्दा पैशाचा. एका कार्यक्रमात बारा-तेरा लढती असतात. लोक मुख्यतः वरच्या एक-दोन लढतींसाठी येतात. वर मोठं नाव नसेल तर खालच्या नवख्या पोरांनाही कोण बघणार? जत्रेत एक नंबरच्या कुस्तीला आलेली गर्दीच दहा नंबरच्या जोडीलाही बघते, तसंच हे आहे.

दुसरा मुद्दा बॉक्सिंगचा. तिथं क्रमवारी आहे, मँडेटरी आहे, पण एका वजनगटात चार-चार संघटनांचे चार चॅम्पियन. मेवेदर आणि पॅक्विआओ यांच्या लढतीची बोलणी वर्षानुवर्षं चालली आणि २०१५ मध्ये लढत झाली तेव्हा दोघांचाही उमेदीचा काळ सरत आला होता. यूएफसीत एकाच छताखाली सगळे असल्यानं मोठ्या जोडी बऱ्याचदा लवकर लागतात.

तिसरा मुद्दा, कधी कधी लढवय्येच अडून बसतात. जॉर्जियाचा मेराब द्वालिश्विली सलग जिंकत होता, पण चॅम्पियन होता त्याचा जिवलग मित्र आणि तालमीतला जोडीदार अल्जमेन स्टर्लिंग. मित्राशी लढणार नाही, असं मेराबनं स्वच्छ सांगितलं. स्टर्लिंगचा बेल्ट गेल्यावरच मेराबचा मार्ग मोकळा झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो चॅम्पियन बनला. एकाच तालमीतल्या दोन पोरांची जोड वस्तादही शक्यतो लावत नाही. त्यामुळं आपल्याकडच्या माणसाला हे पटेल.

वादाच्या मुळाशी पैसा

बेल्टच्या लढतीसाठी एवढी ओढ का, तर कमाईतला फरक. यूएफसीत नवख्याच्या करारात दोन आकडे असतात. पिंजऱ्यात उतरल्याचा एक आणि जिंकल्याचा तेवढाच दुसरा. म्हणजे हरला की कमाई अर्धी. त्यातूनच प्रशिक्षक, मॅनेजर, खुराक, प्रवास आणि कर. चॅम्पियनला मात्र मोठी ठरीव रक्कम आणि बऱ्याच काळापर्यंत विक्रीतला वाटाही मिळत आला आहे. त्यामुळं बेल्टची एक लढत हुकली तर मानाबरोबर घरही मागं पडतं.

करारात आणखी एक अट असते. लढवय्यानं दुसरीकडं लढायचं नाही. कंपनीनं देऊ केलेली लढत नाकारली तर कराराची मुदत पुढं ढकलली जाऊ शकते. याच गोष्टींवरून २०१४ मध्ये काही माजी लढवय्यांनी अमेरिकेत खटला भरला. बाजारावर एकट्याचा ताबा ठेवून कंपनीनं मानधन दाबलं, असा त्यांचा आरोप होता. कंपनीनं तो नाकारला. पहिली तडजोड न्यायाधीशांनी फेटाळली. नंतर ३७ कोटी ५० लाख डॉलरवर मिटलं आणि २०२५ मध्ये कोर्टानं त्याला मंजुरी दिली. पैसे मिळाले, पण जोड लावायची पद्धत त्यानं बदलली नाही.

२०२५ मध्येच यूएफसीनं पॅरामाउंट कंपनीशी सात वर्षांचा, ७७० कोटी डॉलरचा करार केला. त्यानुसार २०२६ पासून अमेरिकेत एकेका मोठ्या कार्यक्रमाचे वेगळे पैसे भरायची पद्धत संपून वर्गणीत सगळं दिसणार, असं ठरलं. आता प्रत्येक रात्री विक्रीचा आकडा गाठायची घाई नसेल, तेव्हा लायक माणसाला आधी संधी मिळेल, असं काहींना वाटतं. उलट, पैसे आधीच हातात आल्यावर कंपनी भारी जोड लावायला कशाला धडपडेल, असं दुसरे म्हणतात.

स्पर्धा घेतली तर?

‘सरळ स्पर्धा घ्या, जिंकेल तो पुढं जाईल’, हा उपाय नवा नाही. यूएफसीची सुरुवातच तशी झाली. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात आठ जणांची स्पर्धा झाली आणि एका रात्रीत तीन लढती जिंकून ब्राझीलचा रॉयस ग्रेसी विजेता ठरला. पुढं नियम कडक झाले. एका रात्रीत अनेक लढती म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून ती पद्धत मागं पडली.

पीएफएल नावाच्या दुसऱ्या कंपनीनं २०१८ पासून लीग चालवली. विजयाला तीन गुण, लवकर निकाल लावला तर वाढीव गुण, वरचे लढवय्ये पुढच्या फेरीत आणि अंतिम विजेत्याला १० लाख डॉलर. तिथं कोणी मागच्या दारानं येत नव्हतं. पण त्यालाही अडचणी आल्या. जखमी झालेल्याच्या जागी दुसरा येतो, चिठ्ठी सोपी निघाली तर साधारण माणूसही अंतिम फेरी गाठतो, आणि लोकांना ज्यांची जोड बघायची ते दोघं समोरासमोर येतीलच असं नाही.

आपल्या कुस्तीत दोन दारं आहेत

इथं महाराष्ट्राच्या कुस्तीकडं पाहिलं की वादाची गाठ सुटते. आपल्या पैलवानासमोर दोन वेगळी दारं असतात. एक जत्रेचं मैदान. तिथं जोड कमिटी लावते, नाव बघते, गर्दी बघते, हरियाणा-पंजाबचा मल्ल बोलावते. त्यात कोणाला गैर वाटत नाही, कारण ते मैदान मारणाऱ्याला कोणी राज्याचा विजेता म्हणत नाही. त्याला इनाम मिळतं, फेटा मिळतो, नाव होतं.

दुसरं दार महाराष्ट्र केसरीचं. १९६१ पासून चालू असलेल्या या स्पर्धेत जिल्ह्याच्या निवड चाचणीतून यायचं, मातीत किंवा गादीवर एकेक कुस्ती काढायची आणि शेवटी माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता एकमेकांसमोर. तिथंही पंचांच्या निर्णयावरून वाद झाले आहेत, भरपूर झाले आहेत. पण अंतिम कुस्तीत कोण उभा राहणार, हे पोस्टर खपण्यावर ठरत नाही.

यूएफसीत दार एकच आहे. ते चालतं मैदानासारखं, पण त्यावर पाटी आहे जगज्जेतेपदाची. प्रेक्षकांचा राग नेमका यावर आहे. गर्दीसाठी जोड लावा, कोणाची हरकत नाही. पण त्या जोडीला बेल्ट लावलात, तर तो कमावलेल्या माणसाचा हक्क आधी येतो. नुसत्या नावाच्या लढती बेल्टशिवायही लागू शकतात, आणि लागल्या आहेत. मॅकग्रेगर आणि नेट डियाझ २०१६ मध्ये दोनदा भिडले. दोन्ही वेळा बेल्ट नव्हता, तरी जगानं पाहिलं.

भारतीय पोरांचा अनुभव

भारतातून या दारापर्यंत पोचलेले अजून मोजकेच. महाराष्ट्रातला भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. समोर होता चीनचा कोवळा पोरगा साँग यादोंग. खंडारे पहिल्याच फेरीत हरला. तोच यादोंग पुढं आपल्या गटातल्या आघाडीच्या लढवय्यांत गेला. पहिल्याच पावलाला कशी जोड लागते, यावर किती अवलंबून असतं, ते यातून दिसतं.

उत्तराखंडचा अंशुल जुबली ‘रोड टू यूएफसी’ या आशियाई स्पर्धेतून आला. ती स्पर्धा जिंकून २०२३ मध्ये त्यानं करार मिळवला. म्हणजे आत शिरायला स्पर्धेचं दार होतं. आत गेल्यावर मात्र जोड मॅचमेकरच्या हातात. पुढच्या दोन लढती तो हरला, दुसरी तर १९ सेकंदांत. उत्तर प्रदेशातल्या बुढाना गावची पूजा तोमर जून २०२४ मध्ये जिंकली आणि यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली.

तालमीतल्या पोरानं काय ध्यानात ठेवावं?

कुस्तीचा पाया एमएमएत फार उपयोगी पडतो, यात शंका नाही. खबीबनं नुसत्या पकडीच्या जोरावर एकही लढत न हरता कारकीर्द संपवली. पण तिकडं वळण्याआधी घरात आणि वस्तादांशी बसून चार गोष्टी बोलाव्यात.

एक, कुस्ती ऑलिंपिकमध्ये आहे, एमएमए नाही. कुस्तीत निवड चाचणीचा जिना आहे. एमएमएत वरच्या पायरीवर बोलावणं यावं लागतं.

दोन, कोणत्याही कंपनीचा कागद सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्यावा. किती लढती देणार, किती वर्षं बांधून ठेवणार, दुसरीकडं लढता येईल का, दुखापतीचा खर्च कोण करणार, हे लिहून घ्यावं. तोंडी ‘पुढची मोठी लढत तुझीच’ याला किंमत नाही. बेलाल मुहम्मदसारख्याला तसा शब्द मिळूनही एक वर्षाहून जास्त थांबावं लागलं.

तीन, कमी दिवसांत आलेली मोठी लढत घ्यायची की नाही, हे पैशाकडं बघून ठरवू नये. ॲस्पिनॉलला दोन आठवडे पुरले, सगळ्यांना पुरत नाहीत. वजन घाईनं उतरवताना भलेभले दवाखान्यात गेले आहेत.

चार, बोलता यायला हवं. हे कोणाला आवडो न आवडो, पण माईकवर चार वाक्यं नीट बोलणाऱ्याची जोड लवकर लागते. त्यासाठी शिवीगाळ लागत नाही. आपली गोष्ट सांगता आली पाहिजे.

आणि पाहणाऱ्यांनीही एक करावं. ‘या पोराला बेल्टची लढत द्या’ असा आग्रह धरताना त्याच्या आधीच्या, लहान पोस्टरवरच्या लढतीही बघाव्यात. कंपनी गर्दीकडं बघून जोड लावते. एडवर्ड्स आणि बेलाल जिंकत होते तेव्हा गर्दी दुसरीकडं बघत होती.